याला ती सुई चालत नाही

"बघा, लिहूसुद्धा देत नाही," असं म्हणत डॉक्टरबाईंनी चाकांच्या गाडीवरचा कॉम्प्युटर खाटेकडे वळवला. औषधाच्या नावाची पहिली अक्षरं टाकायचा अवकाश, यंत्र टीं टीं करून किंचाळलं होतं आणि पडद्याच्या माथ्यावर लालभडक पट्टी उमटली होती. "आजी, ही पट्टी दिसते ना? ही तुमची."

इस्त्रीवाल्या आजींना ती लांबूनही दिसत होती. वाचायला त्यांना जेमतेमच यायचं, पण लाल रंगाला अक्षरओळख लागत नाही. खरं तर ती पट्टी बघून त्यांना बरंच वाटलं. राखणीला ठेवलेलं कुत्रं वेळेवर भुंकलं की घरधन्याला वाटतं, तसं.

"माझीच," त्या म्हणाल्या. "याला ती सुई चालत नाही. पेनिसिलिनची."

'हा' म्हणजे खाटेवर तापाने मरगळून पडलेला त्यांचा मुलगा. पन्नाशी ओलांडलेला, लिफ्ट दुरुस्त करणारा गडी. दहा मजली इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात हा शीळ घालत उतरायचा, पण दाढ काढायची म्हटलं की दवाखान्याच्या दारातून मागे फिरायचा. ठणकणारी दाढ त्याने अंगावर काढली. दाढेतले जंतू रक्तात शिरले आणि थेट हृदयाच्या झडपेवर जाऊन बसले. तेव्हापासून तो या खाटेवर होता, आणि त्याच्या मनगटावर दोन पट्टे होते. एक पांढरा, नावाचा. दुसरा लाल, पेनिसिलिनचा.

"त्याच्या जंतूंवर तेच औषध सगळ्यात चांगलं आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बदली औषध आम्ही देतोय, पण ताप हटत नाहीये. वर मूत्रपिंडं कुरकुर करायला लागलीत. म्हणून म्हटलं, ही ॲलर्जी नेमकी कशी होती ते नीट विचारावं. कॉम्प्युटरात नुसतं 'तीव्र' लिहिलंय. काय झालं होतं, आजी?"

खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या सुनेने मान खाली घातली. हा पाढा तिला पाठ होता. लग्न ठरवताना सासूबाईंनी तिच्या घरी येऊन आधी तोच म्हटला होता. देण्याघेण्याचं, मानपानाचं सगळं नंतर.

"दोन-अडीच वर्षांचा असेल," आजींनी सुरुवात केली. "ताप होता म्हणून सुई दिली. दाराबाहेर येते न येते तोच अंगावर गांधी उठल्या. ओठ सुजले. घसा आवळला. शिटी वाजावी तसा श्वास वाजायला लागला. मग डोळे फिरवले."

एवढं बोलून त्या थांबल्या. नेहमी इथेच थांबायच्या. ऐकणारा इथे 'बाप रे' म्हणायचा, लिहिणारा लिहायचा आणि विषय संपायचा.

डॉक्टरबाईंनी टाइप केलं. मग पडद्याकडे बघत सहज विचारलं, "मग? वाचला कसा?"

आजींनी मुलाच्या अंगावरची चादर सरळ केली.

"म्हणजे काय उपचार केले? इथे एक नवीन रकाना आलाय. पुढे काय झालं ते भरल्याशिवाय हा पान सोडत नाही."

इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. विचारणार कशाला? ज्याची गोष्ट तो समोर धडधाकट उभा असायचा. वाचला हे दिसतच होतं.

"वाचला," आजी म्हणाल्या. "देवाची कृपा."

"कृपा भरायला जागा नाही हो यात," डॉक्टरबाई हसल्या, पण थकलेलं हसू होतं ते. "बरं, आठवून सांगा. एवढी तीव्र असेल तर साधी चाचणी करायचीही माझी हिंमत नाही. त्याचं हृदय आत्ता तसला धक्का सोसणार नाही."

गाडी ढकलत त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. मुलाने डोळे न उघडताच म्हटलं, "आई, तू एवढं तोंडपाठ सांगतेस, अन् शेवट विसरलीस होय?"

आजी शेवट विसरल्या नव्हत्या. वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही: त्या गोष्टीतलं मूल वाचलंच नव्हतं. आणि ते मूल म्हणजे हा मुलगा नव्हता.

याच्या आधी एक होता, थोरला. गोरा, कुरळ्या केसांचा, इस्त्रीच्या टेबलाखाली बसून कोळशाशी खेळणारा आणि तोंड काळं करून घेणारा. त्याच्या अंगावर गांधी उठल्या, त्याचे ओठ सुजले, त्यानेच आईच्या खांद्यावर डोळे फिरवले. त्याचा फोटो काढायचा राहिला. जन्माची नोंद करायची राहिली, आणि जन्माचीच नाही म्हटल्यावर मरणाची कोण विचारतो? पुढे हा धाकटा झाला, त्याच वयाचा झाला, आणि त्यालाही ताप भरला. दवाखान्यातल्या कंपाउंडरने सुई भरता भरता रिवाज म्हणून विचारलं, "याला पूर्वी कधी त्रास झालाय का?" आजी 'हो' म्हणून गेल्या.

खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. एका पोटची दोन. एकाला जे मारतं ते दुसऱ्याला कसं सोडेल, हा त्यांचा हिशेब. पण कंपाउंडरने पुढे विचारलं, "काय झालं होतं?" तेव्हा त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं सगळं सांगितलं, फक्त मूल बदलून. एकदा सांगितलं की माघार नसते. शाळेच्या सदऱ्याच्या कॉलरला त्यांनी आतून लाल दोऱ्याने टीप घातली आणि बाईंना जाऊन सांगितलं. मोठा झाल्यावर त्याच्या पाकिटात चिठ्ठी ठेवली. गल्लीतल्या औषधवाल्याला तर इतकं पिडलं, की आजी दिसल्या की तोच आधी म्हणायचा, "हो, हो, ती सुई नाही!" मुलाला पुढेपुढे याचा अभिमानच वाटायला लागला. कामावरचे लोक जमले की म्हणायचा, "मला ती सुई चालत नाही, एका टोचणीत खलास," आणि हे तो अशा थाटात सांगायचा, ज्या थाटात काहीजण आपल्याला साधं दूध पचत नाही हे सांगतात.

मग दवाखान्यात कॉम्प्युटर आला. लिफ्टच्या दारात मुलाचं बोट चेमटलं तेव्हा आजी सोबत गेल्या होत्या. खिडकीतल्या मुलीने त्यांचा पाढा भराभरा टाइप केला आणि म्हणाली, "आता तुम्हाला परत सांगायला नको, आजी. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी दिसेल. सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात." त्या दिवशी आजी घरी आल्या आणि कधी नव्हे त्या दुपारच्या वेळी आडव्या झाल्या. इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून केलेली राखण कुणीतरी अंगावर घेतली होती. "आता मी मेले तरी चालेल," असं त्या सुनेला म्हणाल्यासुद्धा होत्या.

आणि तोच राखणदार आता दार अडवून बसला होता. घरच्याच औषधाला आत सोडेना.

दुपारी मुलाला ग्लानी आली. सून बाहेर बाकावर आली आणि सासूशेजारी टेकली.

"आई, डॉक्टर म्हणाल्या, ताप असाच राहिला तर झडप बदलायची वेळ येईल. छाती उघडून. आणि किडन्यांचं असं असताना..." तिने वाक्य सोडून दिलं. पदराने नाक पुसलं. "तुम्हाला काहीच नाही आठवत? तेव्हा कुठलं औषध दिलं, कोण डॉक्टर होते?"

"तू जेवलीस का?" आजींनी विचारलं.

"आई, मी काय विचारतेय!"

"ऐकलं मी. जा, दोन घास खाऊन ये. मी बसते."

सून गेली. समोरून धुतलेल्या चादरींची ढकलगाडी आली. आजींची नजर सवयीने चादरींवर गेली. घड्या वाकड्या, कडा जुळवलेल्या नाहीत, मधे चुण्या तशाच. एरवी त्यांनी ढकलणाऱ्याला थांबवून दोन शब्द सुनावले असते. आज त्या चुण्यांकडे बघत नुसत्या बसून राहिल्या.

लाजेचं म्हणाल तर लाज त्यांना फारशी वाटत नव्हती. या वयात लाज कसली? सून रागावेल, रागावू दे. भीती वेगळीच होती. खरं सांगितलं की पट्टी जाणार. पट्टी गेली की सुई येणार. आणि सुई आली की, एका पोटची दोन. पुन्हा गांधी, पुन्हा ती शिटी. नाही सांगितलं, तर झडप. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि मधे त्या, ऐंशीच्या घरातल्या, गुडघे धरून बसलेल्या. थोरल्याच्या वेळी त्यांना कुणी विचारलं नव्हतं. देऊ का, असं म्हटलंच नव्हतं कुणी. आज सगळं त्यांच्यावरच सोडलं होतं, आणि हे त्याहून वाईट होतं.

आतून मुलाचं कण्हणं ऐकू आलं. आजी उठल्या.

डॉक्टरबाई टेबलाशी बसून घाईघाईने चहा पीत होत्या. आजी समोर जाऊन उभ्या राहिल्या. खुर्ची दाखवली तरी बसल्या नाहीत.

"तो रकाना," आजी म्हणाल्या. "पुढे काय झालं तो. भरून घ्या. वाचला नाही."

डॉक्टरबाईंनी कप खाली ठेवला. "कोण वाचला नाही?"

"ज्याला सुई दिली तो. माझा थोरला. याला कधी दिलीच नाही कुणी. मी देऊच दिली नाही."

डॉक्टरबाईंनी उठून स्वतःची खुर्ची आजींच्या मागे सरकवली, खांदे धरून त्यांना बसवलं आणि आपण टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. आजींनी सगळं सांगितलं, या वेळी शेवटापर्यंत. खांद्यावरच्या मुलाला घेऊन त्या घरी कशा चालत आल्या, वाटेत एकीने 'झोपला वाटतं' असं विचारलं, आणि त्या 'हो' म्हणाल्या. हे त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"आता मला ओरडा," आजी म्हणाल्या.

"ओरडू कशाला? तुमच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं." डॉक्टरबाईंनी डोळे पुसले आणि लगेच कामाचा आवाज काढला. "ऐका. एका भावाला चालत नाही म्हणून दुसऱ्याला चालणार नाही, असं मुळीच नसतं. आता मी चाचणी करू शकते. आधी कातडीवर थेंब. मग चिमूटभर. मग पूर्ण. प्रत्येक वेळी थांबून बघायचं. उताऱ्याचं औषध सुईत भरून तयार ठेवायचं."

"हमी देतेस?" आजी एकदम अगंतुगंवर आल्या.

"नाही, आजी. हमी नाही देत. पण मी तिथून हलणार नाही."

आजींनी तिच्याकडे निरखून पाहिलं. त्या काळी सुई देणारा पाठ फिरवून पुढच्या पेशंटकडे गेला होता.

"दे मग," त्या म्हणाल्या. "पण आधी मी त्याला सांगते. माझ्या तोंडून ऐकू दे."

मुलाला सांगायला फार वेळ लागला नाही. सून तेवढ्यात परतली होती. ती ऐकता ऐकता खाटेच्या कडेवर बसली. मुलगा तापलेल्या डोळ्यांनी आईकडे बघत राहिला. आजी पदराचा काठ बोटांनी सरळ करत होत्या, न संपणारी इस्त्री करावी तशी.

"म्हणजे मला चालते ती सुई?" शेवटी तो म्हणाला.

"ते आता कळेल."

"आई! अगं, अख्ख्या कंपनीला सांगून ठेवलंय मी! माझ्यासाठी औषधांच्या पेटीत वेगळं औषध ठेवतात!" त्याला हसू यायला लागलं आणि हसता हसता खोकला. सुनेने पाठ चोळली. खोकला थांबल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचं हसूही गेलं होतं. थोरला कुणी होता, तापात गेला, एवढंच त्याला ठाऊक होतं. इतकी वर्षं हा त्याचंच मरण पाकिटात घेऊन फिरला होता.

"नाव काय होतं त्याचं?"

आजी वाकल्या आणि त्याच्या कानात सांगितलं. सुनेलाही ऐकू गेलं नाही. मुलाने मान हलवली, आणि आईचा हात धरला तो धरूनच ठेवला.

चाचणीच्या वेळी डॉक्टरबाई खरंच हलल्या नाहीत. सिस्टरने हातावर थेंब टाकून बारीक टोचलं. सगळे त्या हाताकडे बघत बसले. आजींनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. हात होता तसाच राहिला. मग चिमूटभर औषध शिरेतून गेलं. आजी आता हाताकडे नव्हे, घशाकडे बघत होत्या, ओठांकडे बघत होत्या.

मुलाने तोंड उघडलं.

"सिस्टर!" आजी किंचाळल्या. ते कॉम्प्युटरच्या किंचाळण्याच्या वरताण होतं.

"आई, जांभई देतोय मी," मुलगा म्हणाला. "माणसाने जांभईपण द्यायची नाही का?"

सून आधी हसली. मग सिस्टर, मग डॉक्टरबाई. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला काही माहीत नव्हतं, पण तोही हसला. आजी हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि त्या दोन्ही हातांनी मुलाचे ओठ, गळा, गाल चाचपून बघत होत्या. कुठे काही नाही. दाढी तेवढी वाढलेली.

पूर्ण औषध सुरू झालं. एका दिवसात चमत्कार होत नसतो, तो दिवस गेला, पुढचा गेला, आणि त्यानंतरच्या दुपारी मुलाने घामाने भिजलेली उशी उलटी केली आणि म्हणाला, "भूक लागलीये." सून बाहेर जाऊन भिंतीला टेकून पोटभर रडली आणि तोंड धुऊन परत आली. डॉक्टरबाई आल्या, कागद बघितले, कॉम्प्युटर बघितला, आणि म्हणाल्या, "मूत्रपिंडं पण शांत झाली. छाती उघडायचं नाव आता काढू नका."

मग त्यांनी गाडी पुढे ओढली. "चला, आता ही पट्टी काढू या." आजी जवळ सरकल्या.

"काढताना कारण विचारतो हा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "'नोंद चुकीची होती', असं टाकते."

"चुकीची नव्हती," आजी म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण सिस्टरने हातातलं काम थांबवलं. "सगळं खरं होतं. जसं झालं तसंच मी सांगितलं. फक्त याचं नव्हतं."

डॉक्टरबाईंची बोटं थांबली. मुलगा उशीवरून म्हणाला, "काढून टाकलं तर तो कुठेच राहत नाही, डॉक्टर. फोटो नाही, दाखला नाही. एवढंच होतं त्याचं."

"पुसलं जात नाही काही," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "काढलेलंही मागे राहतं, फिकट अक्षरांत. पण थांबा." त्यांनी दुसरं पान उघडलं. घरातल्या माणसांच्या दुखण्यांसाठीचं होतं ते. वरून खाली एक एक रकाना भरत गेल्या. नातं: थोरला भाऊ. वय. काय दिलं, काय झालं. शेवटचा रकाना आला तेव्हा त्यांनी आजींकडे बघितलं. आजींनी मान हलवली. 'वाचला नाही' हे डॉक्टरबाईंनी भरलं, आणि या वेळी यंत्र किंचाळलं नाही, मुकाट्याने पान पुढे सरकलं.

सिस्टरने कात्री आणून मुलाच्या मनगटावरचा लाल पट्टा कापला. खाली कातडी पांढरीफटक पडली होती. मुलगा मनगट चोळत म्हणाला, "हलकं वाटतंय गं आई." त्या दिवसाचं इंजेक्शन आलं तेव्हा आजींचे ओठ सवयीने हलले, "याला ती..." आणि तिथेच थांबले. औषध गुपचूप आत गेलं.

डॉक्टरबाई गेल्या. सून डबा उघडायला लागली. कॉम्प्युटरची गाडी खाटेजवळच राहिली होती. आजी पडद्यापुढे उभ्या राहिल्या. अक्षर अक्षर लावत त्यांनी 'थोरला भाऊ' वाचलं आणि त्यावर बोट ठेवलं. आपण इस्त्रीच्या हाताने काचेला डाग पाडू की काय असं वाटून लगेच काढूनही घेतलं. तेवढ्यात पडदा आपोआप विझला.

"काही हवंय का, आजी?" सिस्टरने विचारलं. "गाडी नेऊ पुढे?"

"ने," आजी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "जरा वेळाने नेलीस तर चालेल?"

सिस्टरने माउस हलवून पडदा पुन्हा उजळवला आणि ती शेजारच्या म्हाताऱ्याची चादर बदलायला वळली. आजी तिथेच उभ्या होत्या. पडद्याचा उजेड मंद व्हायला लागला की त्या हलकेच माउसला बोट लावायच्या.